अंकोरवाटला जाताना: हॉटेलची गाडी, टुकटुक की भाड्याची स्कूटर?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: नाशिकच्या एक वाचक शाळेतून नुकत्याच निवृत्त झाल्या आहेत. येत्या जानेवारीत यजमान आणि नणंदबाई यांच्यासोबत त्या व्हिएतनाम आणि कंबोडियाला निघाल्या आहेत. व्हिएतनामचा भाग टूर कंपनीकडे आहे, पण अंकोरवाटच्या प्राचीन देवळांसाठी कंबोडियातल्या सिएम रीप गावातले चार दिवस त्यांनी स्वतःच आखले आहेत. परदेशात बिनकंपनीचं फिरण्याची ही पहिलीच वेळ. हॉटेलनं चार दिवसांसाठी एसी गाडी देऊ केली आहे, दिवसाला 70 डॉलर. पुण्यात असलेला मुलगा म्हणतो, "पैशाकडे बघू नका, गाडीच घ्या, कंबोडियाबद्दल काय काय ऐकू येतं." भाची तिथे जाऊन आली आहे. ती म्हणते, टुकटुक, म्हणजे तिथली रिक्षासारखी उघडी गाडी, पुरे, घासाघीस केली की अगदी स्वस्तात होतं. यजमानांचा विचार तिसराच. चाळीस वर्षं स्कूटर चालवली आहे, तेव्हा तिथेही दोन स्कूटर भाड्यानं घेऊ. नणंदबाईंना कंबरदुखी आहे आणि वाचकांचे स्वतःचे गुडघे दुखतात. त्या विचारतात, "पैसे वाचवायच्या नादात काही चूक तर होणार नाही ना? आणि मुलाचं ऐकलं नाही, असं तर वाटणार नाही ना?"

ताई,

तुमच्या घरातल्या तिघांची मतं वेगवेगळी आहेत, पण एक गोष्ट तिघांनीही गृहीत धरली आहे. चार दिवसांसाठी एकच वाहन ठरवायचं, आणि ते एकदा ठरलं की झालं. मला वाटतं, गोंधळ तिथूनच सुरू होतो. सिएम रीपमध्ये तुम्हाला जो प्रवास करायचा आहे तो एक नाही, निदान चार तऱ्हेचा आहे.

आधी अंतरं बघा. नवा विमानतळ ऑक्टोबर 2023 मध्ये सुरू झाला. तो गावापासून जवळजवळ 50 किलोमीटर लांब आहे. जुना विमानतळ गावाला लागूनच होता, म्हणून आधी जाऊन आलेल्यांचा "विमानतळावरून टुकटुकनं पंधरा मिनिटांत हॉटेल" हा अनुभव आता उपयोगाचा नाही. गावापासून अंकोरवाट सुमारे 6 किलोमीटर. पुढे अंकोर थोम हे जुनं तटबंदीचं नगर, त्यातलं चेहऱ्यांच्या मनोऱ्यांचं बायोन, आणि झाडांच्या मुळांनी वेढलेलं ता प्रोम, असा जो फेरा होतो त्याला तिथे 'छोटा फेरा' म्हणतात. तो साधारण 17 किलोमीटरचा. प्रेआ खान, नेआक पेआन, ता सोम, पूर्व मेबोन, प्रे रूप या देवळांचा 'मोठा फेरा' सुमारे 26 किलोमीटरचा. बान्ते स्रेई हे गुलाबी दगडातलं नाजूक कोरीवकामाचं देऊळ गावापासून पस्तीसेक किलोमीटरवर आहे. कुलेनचा डोंगर त्याहून लांब आणि चढाचा.

आता सांगा, पहाटे 6 किलोमीटर जायला आणि रात्री 50 किलोमीटर यायला एकच वाहन कशाला हवं?

आता तुमच्या मुलाच्या काळजीबद्दल. ती काळजी मला उगीचची वाटत नाही. मागच्या काही वर्षांत नोकरीचं आमिष दाखवून कंबोडियात नेलेल्या भारतीय तरुणांना ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपल्याची प्रकरणं उघड झाली, आपल्या वकिलातीनं त्यातल्या अनेकांना सोडवून परत पाठवलं, आणि मराठी वर्तमानपत्रांत ते सविस्तर छापून आलं. मुलाच्या मनात ते असणारच. पण तो धोका आहे अनोळखी माणसानं समाजमाध्यमांवर देऊ केलेल्या नोकरीचा. देवळं बघायला आलेल्या, परतीचं तिकीट हातात असलेल्या माणसांचा टुकटुकवाल्याशी येणारा व्यवहार हा पूर्णपणे वेगळा. सिएम रीप हे गावच पर्यटनावर जगतं. तिथल्या चालकाला उद्याचं गिऱ्हाईक आजच्या गिऱ्हाइकाच्या शिफारशीनं मिळतं. मुलाला हे समजावून सांगा, आणि त्याची खरी गरज काय आहे तेही विचारा. बहुतेक वेळा दूर असलेल्या मुलांना आई-बाबा कुठे आहेत हे कळत राहावं एवढंच हवं असतं. फोनवरून लाइव्ह लोकेशन पाठवत जा, चालकाचा फोटो आणि वाहनाचा नंबर रोज सकाळी त्याला पाठवा. एसी गाडीनं मुलाची जेवढी काळजी मिटेल, त्यापेक्षा यानं जास्त मिटेल.

"महाग ते सुरक्षित" ही समजूत मात्र तपासून बघायला हवी. रस्त्यावरचा धोका वाढतो तो वेगानं, अंधारानं, थकलेल्या चालकामुळे आणि मोठ्या गाड्यांच्या महामार्गावर. अंकोरच्या परिसरात टुकटुक ताशी तीसच्या आसपासच चालते. रस्ते डांबरी आणि सावलीचे, आणि मोठे ट्रक जवळपास नाहीतच. तिथे टुकटुक मला पुरेशी सुरक्षित वाटते. तीच टुकटुक रात्री विमानतळाच्या रस्त्यावर 50 किलोमीटर नेली, तर मी नको म्हणेन.

तुम्ही टुकटुक कधी पाहिली नसेल तर सांगते. तिथे या नावाची दोन वाहनं आहेत. एक म्हणजे मोटारसायकलला मागून जोडलेला चार माणसांचा छपराचा गाडा. त्याला ते लोक रेमॉर्क म्हणतात. समोरासमोर दोन बाकं, चारही बाजू मोकळ्या. दुसरी म्हणजे आपलीच तीनचाकी रिक्षा, भारतातून तिकडे गेलेली. आपल्याकडची रिक्षा सिएम रीपच्या चौकात उभी दिसली की आपल्याला बरं वाटतं. गावातल्या गावात ही रिक्षा सोयीची, पण तीन मोठ्या माणसांना दिवसभरासाठी ती अडचणीची होते. तुम्हाला रेमॉर्कच हवा. पाय पसरता येतात, सामान मध्ये ठेवता येतं.

नणंदबाईंच्या कंबरेचं काय? यावर सरसकट उत्तर देता येणार नाही. रेमॉर्क मोटारसायकलच्या मागे ओढला जातो, त्यामुळे खड्ड्यात हिसका बसतो. देवळांच्या फेऱ्यातले रस्ते चांगले आहेत, म्हणून तिथे तो त्रास कमी. पहिल्या दिवशी गावातच दोन-तीन किलोमीटरची फेरी मारून बघा आणि त्यांना मोकळेपणानं विचारा. "चालतंय हो" असं म्हणून सहन करायची सवय आपल्याकडच्या बायकांना असते, म्हणून दोनदा विचारा. त्रास होत असेल तर संकोच न करता गाडी घ्या. तशी साधी एसी गाडी त्या गावात छोट्या फेऱ्यासाठी दिवसाला तीस-चाळीस डॉलरच्या आसपास मिळते. हॉटेलनं सांगितलेले 70 डॉलर मला जास्त वाटतात. "आम्ही बाहेरही चौकशी करतो आहोत" एवढं सौम्यपणे कळवलंत तरी आकडा खाली येण्याची शक्यता आहे.

गुडघ्यांसाठी मात्र गाडीचा फारसा उपयोग नाही. गुडघे दुखतात ते देवळाच्या आत. अंकोरवाटच्या खंदकावरच्या पुलापासून मधल्या मनोऱ्यापर्यंत चालणं बरंच आहे, आणि सर्वात वरच्या मजल्यावर जाणारा जिना चांगलाच उभा आहे. गाडीत बसलात काय आणि टुकटुकमध्ये बसलात काय, हे चालणं तेवढंच. ते कमी करायचं असेल तर देवळांची संख्या कमी करा. वाचलेल्या पैशातून चांगली काठी घ्या, दुपारी अकरा ते तीन हॉटेलवर परत येऊन विश्रांती घ्या. ही मधली परतीची फेरी टुकटुकला सहज जमते, कारण अंतर थोडं आहे. मात्र ती आधीच ठरवून घ्यायची.

यजमानांच्या स्कूटरबद्दल मी स्पष्टच लिहिते. नको. चाळीस वर्षांचा त्यांचा हात चांगला असेल, त्याबद्दल शंका नाही. पण कंबोडियात वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात. आपल्याकडे अंगवळणी पडलेली प्रत्येक हालचाल तिथे उलटी करावी लागते, वळताना नजर आधी कुठे जाते तेसुद्धा. सरळ रस्त्यावर हे जमतं. घात होतो चौकात, आणि तोही घाईच्या क्षणी. दुसरं म्हणजे विमा. प्रवास विम्याच्या पॉलिसीत दुचाकी चालवताना झालेल्या अपघाताबद्दल काय अटी आहेत, ते शब्दन् शब्द वाचा. त्या देशात ग्राह्य असा परवाना नसेल किंवा हेल्मेट नसेल तर दावा नाकारला जाणं ही नेहमीची गोष्ट आहे. त्यातून दुसरी स्कूटर कोण चालवणार, हे तुमच्या पत्रात नाही! कंबरदुखी असलेल्या नणंदबाई की गुडघे दुखणाऱ्या तुम्ही? यजमानांना स्वतःच्या मर्जीनं फिरायचं स्वातंत्र्य हवं असेल तर एका सकाळी गावातल्या नदीकाठानं सायकल चालवू द्या. तीही भाड्यानं मिळते.

म्हणजे देवळांच्या दोन फेऱ्यांसाठी रेमॉर्क. आता तो ठरवायचा कसा, कारण सुरक्षितता आणि किंमत या दोन्ही गोष्टी तिथेच ठरतात.

भाचीचं "घासाघीस करा" हे मला अर्धंच पटतं. छोट्या फेऱ्याला दिवसभराचे साधारण 15 ते 20 डॉलर होतात, मोठ्या फेऱ्याला थोडे जास्त, आणि सूर्योदयासाठी पहाटे निघायचं तर वर दोन-चार डॉलर. तिघांत वाटले तर माणशी सहा-सात डॉलर. दुसरीकडे प्रवेशाचं तिकीट बघा. एका दिवसाचं 37 डॉलर, तीन दिवसांचं 62, सात दिवसांचं 72. तुम्हा तिघांची तीन दिवसांची तिकिटंच 186 डॉलरची, म्हणजे सोळा-सतरा हजार रुपयांच्या घरात. त्या तिकिटात एका पैशाची घासाघीस होत नाही. मग सगळा जोर दिवसभर उन्हात थांबणाऱ्या माणसाचे तीन डॉलर कमी करण्यावर का लावायचा? दुपारी ता प्रोमच्या बाहेर झाडांखाली उभे असलेले रेमॉर्क बघा. आतल्या दांड्यांना कापडी झोळी बांधून चालक पडलेले असतात, कारण गिऱ्हाईक कधी बाहेर येईल ते माहीत नसतं आणि दुसरी फेरी घेता येत नाही. दर फार पाडला की तो माणूस तुम्हाला कमिशनवाल्या दुकानांत नेऊन ते पैसे भरून काढतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. रास्त दर द्या आणि बदल्यात बाकी सगळं पक्कं करून घ्या.

पक्कं म्हणजे काय, ते बारकाईनं सांगते. नुसतं "अंकोरवाट, किती?" असं विचारू नका. कोणकोणती देवळं, किती वाजता निघणार, दुपारी हॉटेलवर परत येणार की नाही, संध्याकाळी सूर्यास्तापर्यंत थांबणार की नाही, आणि दर सगळ्यांचा मिळून की माणशी. हे सगळं एका मेसेजमध्ये सोप्या इंग्रजीत लिहा आणि चालकाला पाठवा. तिथे टेलिग्राम सर्रास वापरतात, व्हॉट्सॲपही चालतं. त्यानं "ओके" पाठवलं की तुमच्याकडे लेखी ठराव झाला. संध्याकाळी वाद होतो तो बहुधा लबाडीमुळे नाही. "छोटा फेरा" म्हणजे त्याच्या डोक्यात एक असतं आणि तुमच्या डोक्यात दुसरं. पैसे फेरी संपल्यावर द्या, आगाऊ पूर्ण रक्कम देऊ नका. दुसऱ्या दिवसाची बोलणी पहिला दिवस बघून करा. चालक पटला तर तोच ठेवा, त्यानंतर सगळं सोपं होतं.

चालक कुठून घ्यायचा? रस्त्यावर हाक मारणाऱ्यापेक्षा हॉटेलच्या दारातला नेहमीचा चालक बरा, कारण तो स्वागतकक्षातल्या माणसांच्या ओळखीचा असतो. तुमच्या हॉटेलला गाडीऐवजी रेमॉर्कचा दर विचारलात का? बहुतेक हॉटेलं तोही लावून देतात, आपण विचारत नाही. शिवाय वाहन बोलावायची ग्रॅब आणि पासॲप ही दोन ॲप्स तिथे चालतात. गावात जेवायला, बाजारात जायला ती उत्तम. भाडं आधी दिसतं, बोलणी करावी लागत नाहीत. पण देवळांसाठी ॲपवर अवलंबून राहू नका. जाताना वाहन सहज मिळेल, परत येताना मोठ्या फेऱ्यावरच्या एखाद्या सुनसान देवळाबाहेर तिघं फोन हातात धरून उभी राहाल.

देवळात जाण्याआधी प्रत्येक वेळी एक गोष्ट विचारा: "कुठे भेटायचं?" ता प्रोम आणि प्रेआ खान इथे एका दारानं आत जाऊन समोरच्या दारानं बाहेर पडायची सोय आहे. चालक वाहन घेऊन वळसा घालून तिकडे येतो. यानं तुमचं उलटं चालणं वाचतं, गुडघ्यांसाठी हे फार मोलाचं. पण तसं ठरलं आहे हे तिघांनाही माहीत हवं. तिघांपैकी एक जण दमून मध्येच परत फिरला, तर त्या दाराशी कोणीच नसेल. वाहनतळावर शंभर रेमॉर्क सारखेच दिसतात, विशेषतः सूर्योदयानंतर अंकोरवाटच्या पश्चिमेकडे, जेव्हा सगळी गर्दी एकदम बाहेर पडते. सकाळीच वाहनाचा, नंबराचा आणि चालकाचा फोटो तिघांच्याही फोनमध्ये असू द्या.

सूर्योदयाला जाणार असाल तर साडेचारला निघावं लागेल. जानेवारीत पहाटे त्या उघड्या गाड्यावर चांगलाच गार वारा लागतो. शाल घ्या, नणंदबाईंच्या पाठीशी हॉटेलची उशी घ्या. तोच रस्ता दहानंतर धुळीचा होतो, तेव्हा मास्क लागेल. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे हवेत, नाहीतर वरच्या मजल्यावर सोडत नाहीत. साडी किंवा सलवार-कुर्त्याला काहीच अडचण नाही.

तिकीट देवळाच्या दारात मिळत नाही. गावाच्या कडेला अंकोर एंटरप्राइज या सरकारी संस्थेचं वेगळं तिकीटघर आहे, तिथे प्रत्येकाचा फोटो काढून तिकीट देतात. त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरही ते काढता येतं. संध्याकाळी पाचनंतर काढलेलं तिकीट दुसऱ्या दिवसापासून धरतात. म्हणून आदल्या संध्याकाळी हे काम उरकलं तर पहाटेची रांग टळते, आणि चालक पटतो का तेही त्याच छोट्या फेरीत कळतं. तीन दिवसांचं तिकीट सलग तीन दिवस वापरावं लागत नाही, 10 दिवसांत कधीही. मध्ये एक दिवस विश्रांतीला ठेवता येईल. दुसऱ्या कुणाचं उरलेलं तिकीट कोणी स्वस्तात देऊ केलं तर घेऊ नका. त्यावर फोटो असतो आणि तो जागोजागी तपासतात.

हे झाले दोन दिवस. तिसऱ्या दिवशी बान्ते स्रेई किंवा कुलेन करायचं असेल, तर तुमच्या मुलाचं म्हणणं बरोबर. त्या दिवशी गाडी घ्या. बान्ते स्रेईपर्यंत रेमॉर्क जातो, तरुण मंडळी मजेत जातात, पण जाऊन-येऊन सत्तरेक किलोमीटर कंबरदुखीच्या माणसाला जास्तच होतात. कुलेनच्या चढावर तर रेमॉर्क नकोच. आठव्या-नवव्या शतकाच्या उंबरठ्यावर, 802 साली, दुसऱ्या जयवर्मननं याच डोंगरावर स्वतःला सम्राट म्हणून घोषित केलं असं मानतात, आणि वरच्या नदीच्या तळाशी कोरलेली शेकडो शिवलिंगं आजही पाण्याखालून दिसतात. आपल्यासारख्यांना ती जागा भावते. त्या डोंगराचा रस्ता अरुंद आहे. सकाळी गाड्या वर सोडतात आणि दुपारी खाली, म्हणून सकाळी लवकर निघावं लागतं. कुलेनचं तिकीट वेगळं आहे, अंकोरच्या पासावर चालत नाही. गाडी ठरवतानाच हे विचारून घ्या.

तोन्ले साप तलावावरची तरंगती गावं हे चालकांचं आवडतं सुचवणं आहे. बघण्यासारखी आहेत, पण तिथे बोटीचे पैसे वेगळे पडतात आणि धक्क्यावर पोचल्यावर आकडा कळतो. चालत्या वाहनात "चला, तिकडेही जाऊ" असा बेत ठरवू नका. जायचं असेल तर आदल्या रात्री हॉटेलवर बोटीचा दर विचारून ठरवा. अनाथाश्रम दाखवायला नेतो असं कोणी म्हटलं तर स्पष्ट नाही म्हणा. पर्यटकांना दाखवण्यासाठी मुलांना तिथे ठेवण्याचे प्रकार त्या देशात झाले आहेत. तुमच्यासारख्या शिक्षिकेला मुलांसाठी काही करावंसं वाटेल, तर अंकोरच्या प्रत्येक तिकिटातले 2 डॉलर तिथल्या कांथा बोफा बालरुग्णालयांना जातात, ते तुम्ही दिलेलेच आहेत.

पैसे. डॉलर सगळीकडे चालतात, सुटे त्यांच्या रिएलमध्ये परत मिळतात, डॉलरला साधारण 4,000 रिएल. इथूनच 1 आणि 5 डॉलरच्या भरपूर नोटा घेऊन जा, आणि त्या कोऱ्या बघून घ्या. फाटकी किंवा शाई लागलेली नोट तिथे कोणी घेत नाही. चालकाला 50 ची नोट दाखवली की सुट्यांचा घोळ सुरू होतो.

रेमॉर्कच्या बाजू उघड्या असतात, म्हणून पर्स मांडीवर सैल ठेवू नका. पट्टा गळ्यात किंवा बाकाच्या दांडीला अडकवून, बॅग दोघींच्या मध्ये. रस्त्याच्या बाजूला हात बाहेर काढून फोटो घेऊ नका. मोटारसायकलवरून येऊन फोन हिसकावण्याचे प्रकार होतात, नोम पेन्ह या राजधानीत जास्त. पोलिसांचा नंबर 117, रुग्णवाहिकेचा 119. दोन्ही कागदावर लिहून ठेवा, त्याखाली हॉटेलचं नाव ख्मेर लिपीत लिहून घ्या. ते काम स्वागतकक्षातली मुलगी एका मिनिटात करून देईल.

याच मार्गावर निघालेल्या इतर वाचकांसाठीही थोडं. थायलंड करून बसनं सीमा ओलांडत सिएम रीपला जायचा बेत पूर्वी खूप जण करत. 2025 मध्ये दोन्ही देशांत सीमेवर लढाई झाली आणि जमिनीवरचे नाके बंद झाले. तिकडून येणाऱ्यांनी आज तो मार्ग गृहीत धरू नये, परराष्ट्र मंत्रालयाच्या ताज्या सूचना वाचून विमानाचाच विचार करावा. नोम पेन्हहून बसनं येणाऱ्यांनी दिवसाची बस घ्यावी. पाच-सहा तासांचा रस्ता आहे, रात्रीच्या बसनं हॉटेलचा एक मुक्काम वाचतो पण अंधारात महामार्गावर जाण्याएवढी ती बचत मोठी नाही. एकट्या फिरणाऱ्या मुलींनी पहाटेच्या फेरीसाठी रस्त्यावरचा अनोळखी चालक न घेता हॉटेलतर्फेच घ्यावा. लहान मुलं बरोबर असतील तर रेमॉर्कमध्ये त्यांना आतल्या बाजूला, मोठ्यांच्या मध्ये बसवा. बारा वर्षांखालच्या मुलांना अंकोरचं तिकीट नाही, पण वय दाखवायला पासपोर्ट जवळ ठेवावा लागतो.

"मुलाचं ऐकलं नाही असं वाटेल का?" असं तुम्ही विचारलंत. मला वाटतं, तुम्ही त्याचं निम्म्याहून जास्त ऐकता आहात. विमानतळाला गाडी, लांबच्या देवळांना गाडी. जवळच्या फेऱ्यांना रेमॉर्क घेण्याचं कारणही तुमच्याकडे आता आहे, नुसती काटकसर म्हणून तुम्ही तो घेत नाही. हा आराखडा कागदावर मांडून त्याला फोटो पाठवा. त्याला एखादी गोष्ट बदलावीशी वाटली तर कोणती आणि का, ते विचारा. तुमच्या पत्रावरून वाटतं की या घरात एकमेकांचं ऐकून घेतलं जातं.

आणि विमानतळाचं आजच करून टाका. तुमचं विमान रात्री उतरणार असेल तर हॉटेललाच न्यायला गाडी पाठवायला सांगा, दर लेखी घ्या, आणि तो दिवसाच्या गाडीच्या बोलण्यांपासून वेगळा ठेवा. टॅक्सीला साधारण तीस-चाळीस डॉलर पडतात. दिवसा उतरत असाल तर शटल बस बरीच स्वस्त आहे, पण तिघांचं सामान आणि कंबर बघता मी टॅक्सीच घेईन. परतीच्या दिवशी विमानाच्या निदान चार तास आधी गाव सोडा, रस्त्यालाच एक तास जातो. ती गाडी आदल्या दिवशी दुपारपर्यंत ठरलेली असू द्या, आणि रात्री चालकाला एकदा मेसेज करून वेळ पक्की करा.